खोलीलाही आवाज असतो!

‘मिक्सिंगमध्ये बघू रे!’ हे वाक्य आणि ‘जर्नल काय, सबमिशनच्या आदल्या रात्री लिहू’ हे वाक्य, ही दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत. दोन्हींच्या मागे एक गाढ श्रद्धा आहे. आत्ता जे धड केलेलं नाही, ते पुढे कधीतरी, रात्री उशिरा, चहाच्या जोरावर आपोआप धड होणार आहे! जर्नलच्या बाबतीत ही श्रद्धा चार वर्षं खपून जाते, कारण एक्स्टर्नलनासुद्धा घरी जायची घाई असते. रेकॉर्डिंगच्या बाबतीत मात्र ती खपत नाही. ऐकणारा माणूस संगीतातला नसला, तरी पहिल्या दहा सेकंदांत म्हणतो, “कायतरी खोटं वाटतंय राव.”

हे पुराण आत्ताच लावायचं कारण म्हणजे जिमखान्याच्या मीटिंगमध्ये आलेला एक ठराव. म्युझिक रूममधला जुना ड्रमसेट भंगारात काढायचा आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचं, असा तो ठराव आहे. अजून पास झालेला नाही. पुढच्या मीटिंगला मतदान आहे. ठरावाच्या बाजूने तीन कारणं दिली आहेत. एक, आवाजाचा त्रास होतो. दोन, जुना सेट ‘नीट वाजत नाही’. तीन, इलेक्ट्रॉनिक किटला यूएसबीची वायर लावली की रेकॉर्डिंग थेट कॉम्प्युटरमध्ये, एकदम ‘क्लीन’.

पहिलं कारण मला शंभर टक्के मान्य आहे. रात्री अकराला कोणी गेटचा अभ्यास करत बसलेला असताना खालून धडाड्‌धूम सुरू झालं, तर त्याच्या तोंडून जे शब्द निघतात ते या मासिकात छापता येणार नाहीत. रात्रीच्या प्रॅक्टिससाठी हेडफोन लावायचं किट ही चांगलीच गोष्ट आहे. माझा झगडा उरलेल्या दोन कारणांशी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : रॉक बँडचं रेकॉर्डिंग जिवंत वाटतं ते वाद्य, वाजवणारा आणि ज्या खोलीत तो वाजवतोय ती खोली, या तिघांमुळे. ड्रमसेट काढून टाकला की या तिघांपैकी दोघांना आपण कॉलेजबाहेर काढतोय. आणि तिसरा, म्हणजे वाजवणारा, तो कसा गायब होतो ते आमच्या बँडने स्वतः पाहिलंय.

गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी बरेच दिवस वडापाववर काढून पैसे जमवले आणि शहरातल्या एका स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली. स्टुडिओ चकाचक. ड्रमला आठ माईक. आमचा ड्रमर मेकॅनिकलचा, शांत प्राणी, पण काठ्या हातात आल्या की वेगळाच माणूस. तीन तास घाम गाळून वाजवलं त्याने. आठवड्याने फाइल आली. आवाज मोठा, भरदार, एकदम परदेशी! पण स्नेअरचा प्रत्येक ठोका हुबेहूब दुसऱ्यासारखा. दुसऱ्या कडव्यात तो ठोक्यांच्या मधे काठीने हलकेच जी कुजबुज करतो, ज्याला ड्रमर लोक ‘घोस्ट नोट्स’ म्हणतात, ती साफ गायब. कोरसला आम्ही किंचित पुढे धावतो, तो धावपणासुद्धा इस्त्री करून सपाट. ड्रमरने हेडफोन लावून दोनदा ऐकलं आणि विचारलं, “भारी आहे रे. पण हा वाजवतोय कोण?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. तिथल्या इंजिनिअरने त्याचे ठोके काढून त्या जागी तयार सॅम्पल बसवले होते, आणि मग प्रत्येक ठोका वेळेच्या चौकटीत, म्हणजे ‘ग्रिड’वर खेचला होता. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मूळ ट्रॅक मागितले तर उत्तर आलं की डिस्कवर जागा नव्हती म्हणून काढून टाकले. म्हणजे आमच्या ड्रमरचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग आज जगात आहे, पण त्यात तो नाही!

इलेक्ट्रॉनिक किट हेच काम अधिक सभ्यपणे, सुरुवातीपासूनच करतं. रबरी पॅडवर काठी मारली की तुमच्या माराचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो आणि त्यानुसार आधीच कुठेतरी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज वाजतो. तो आवाज उत्तमच असतो, यात वाद नाही. पण तो दुसऱ्या कोणाच्या तरी ड्रमचा, दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीतला असतो. ‘क्लीन’ वाटतो कारण त्यात आपलं काहीच नसतं.

आता कोणी म्हणेल, “म्हणजे तुला सगळं कच्चं पाहिजे? काही प्रोसेसिंगच नको?” नाही हो. ‘नैसर्गिक आवाज’ म्हणजे हात न लावलेला आवाज, असा माझा दावा नाही. उदाहरण देतो, तेही रॉकवाल्यांच्या देव्हाऱ्यातलं. लेड झेपलिनचा चौथा अल्बम १९७१ च्या नोव्हेंबरात आला. त्यातलं शेवटचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. त्याचे ड्रम ऐकले नसतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते ऐका. ते स्टुडिओत रेकॉर्ड झालेले नाहीत. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे, एकेकाळचं गरिबांसाठीचं वर्कहाउस. तिथल्या उंच हॉलमध्ये, जिन्याच्या पायथ्याशी जॉन बॉनमचा ड्रमसेट मांडला. अँडी जॉन्स या इंजिनिअरने बायरडायनॅमिक एम १६० जातीचे दोन माईक वरच्या मजल्यावरून खाली लोंबकळत सोडले. आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीतल्या फिरत्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. बास! माईक फक्त दोन.

नंतर त्यावर जोरदार कॉम्प्रेशन आहे, बिन्सन कंपनीचं एको मशीनसुद्धा आहे. तेव्हा ‘काही केलंच नाही’ असं नाही. पण जे केलं ते त्या माणसाच्या, त्या ड्रमच्या आणि त्या जिन्याच्या आवाजावर केलं. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी हेच ड्रम उचलून आपल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात वापरले. लोकांनी सॅम्पल केलं ते खरं तर त्या जिन्यालाच.

आता ‘जुना सेट नीट वाजत नाही’ या कारणाकडे येऊ. माझा साधा प्रश्न : त्याची हेड्स शेवटची कधी बदलली? ड्रमचं हेड म्हणजे आपल्या भाषेत पुडी. तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन गट्ट्यांवर ठोकठोक करतो, तेव्हा आपण कुरकुर करत नाही. मग ड्रमला सूर लावायचाच नसतो असं आपण कशावरून धरून चाललोय? म्युझिक रूममधल्या स्नेअरच्या हेडला मधोमध खड्डा पडलाय. टॉमवर चिकटपट्टीचे इतके थर आहेत की खाली नेमकं काय आहे ते पुराणवस्तू खात्यालाच विचारावं लागेल. असा ड्रम जगातल्या कुठल्याही ड्रमरने वाजवला तरी पत्र्याचा डबाच वाजणार.

यात थोडं फिजिक्सही आहे, आणि ते आपल्या मातीतलं आहे. गोल ताणलेल्या साध्या पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा गोड प्रमाणात येत नाहीत. ते सुमारे १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून ड्रमचा ठोका ‘धड्‌’ असतो, ‘सा’ नसतो. तबल्याच्या शाईमुळे हे प्रमाण सुधारतं आणि स्वर जुळून येतात, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं होतं. ड्रमला शाई नाही. म्हणून तिथे निदान एवढं तरी करायचं की चारी बाजूंचा ताण सारखा ठेवायचा. सिलिंडर हेडचे बोल्ट आवळतात तसे बोल्ट समोरासमोर आवळायचे, आणि प्रत्येक बोल्टजवळ काठीने टिचकी मारून स्वर सारखा येतोय का ते ऐकायचं. मेकॅनिकलच्या पोरांना हे शिकवावं लागणार नाही. नवी हेड्स, एक चावी आणि एक निवांत दुपार. खर्च म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक किटच्या किमतीच्या एका कोपऱ्यात बसेल.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी लिहिल्याचा आरोप यायचा. मेटॅलिकाच्या २००३ च्या ‘सेंट अँगर’ अल्बममध्ये स्नेअरच्या खालच्या तारा मोकळ्या सोडून रेकॉर्डिंग केलंय. आवाज अगदी खराखुरा आहे, सॅम्पल नाही. पण मेसच्या ताटावर कोणी डाव आपटतोय असं वाटतं, आणि जगभरचे चाहते आजही त्या स्नेअरच्या नावाने बोटं मोडतात. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप चांगलं, असं समजू नका. खोलीत उभं राहिल्यावर जो आवाज कानाला चांगला वाटतो तोच माईकमधून चांगला येणार. आधी कान, मग माईक.

माईकचं म्हणाल, तर भरपूर माईक म्हणजे उत्तम रेकॉर्डिंग हा दुसरा गैरसमज. अँडीचा थोरला भाऊ ग्लिन जॉन्स. झेपलिनचा पहिला अल्बम १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत याने रेकॉर्ड केला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तीन-चार माईकची आहे. एक माईक ड्रमसेटच्या वर, स्नेअरपासून साधारण एक मीटरवर. दुसरा ड्रमरच्या उजव्या हाताला, फ्लोअर टॉमच्या पलीकडून स्नेअरकडे तोंड करून. तिसरा किक ड्रमसमोर. वाटलं तर चौथा स्नेअरला. अट एकच : पहिले दोन माईक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. यासाठी लेझर-बिझर काही लागत नाही, सुतळीचा एक तुकडा पुरतो.

सारखं अंतर कशाला? गणित करून बघा, आपण इंजिनिअर आहोत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. समजा एक माईक १०० सेंटिमीटरवर आहे आणि दुसरा १३४ वर. दुसऱ्याला तोच ठोका एक मिलिसेकंद उशिरा पोचला. ५०० हर्ट्‌झच्या लहरीचं अख्खं चक्र दोन मिलिसेकंदांचं, म्हणजे ती बरोबर अर्धं चक्र मागे पडली. दोन्ही माईक सारख्याच पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्‌झ शून्य! पाठोपाठ १५०० जातो, २५०० जातो. आलेख काढला तर कंगव्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘कोम्ब फिल्टर’ म्हणतात. स्नेअरचा ‘भरीवपणा’ गेला अशी तक्रार करत लोक तासन्‌तास इक्वलायझर फिरवत बसतात. पण जे एकमेकांत कापलं जाऊन शून्य झालंय ते वाढवून काय वाढणार? शून्याला कितीने गुणणार? इथे माईक वीतभर सरकवणं हाच उपाय, आणि तो मिक्सिंगच्या वेळी हातात नसतो.

आता गिटारकडे येऊ, कारण मी स्वतः गिटारवाला आहे आणि आमची जमात ड्रमरपेक्षा जास्त दोषी आहे. आमचं पहिलं पाप म्हणजे गेन. खोलीत एकट्याने वाजवताना नॉब शेवटपर्यंत फिरवला की आपणच राजे वाटतो. पण डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचे शेंडे छाटणं. जितकं जास्त छाटाल तितका पिकचा टणत्कार कमी आणि भुरभुर जास्त. त्यात दोन-तीन गिटार एकावर एक आल्या की नुसता धुरळा. ज्या गिटार बँडमध्ये प्रचंड वाटतात, त्या एकेकट्या ऐकल्या तर अनेकदा आश्चर्य वाटण्याइतक्या साफ असतात.

दुसरं पाप म्हणजे प्रोसेसरची वायर थेट मिक्सरमध्ये खुपसणं. गिटारच्या अँपचा १२ इंची स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही. तो स्पीकर हाच एक फिल्टर आहे. तो वगळून डिस्टॉर्शन थेट घेतलं की वरचा सगळा कचरा आत येतो, आणि गॅदरिंगला दरवर्षी ऐकू येणारा तो डासांच्या थव्याचा आवाज तयार होतो. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅबिनेटचा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ लावता येतो आणि तो खरोखर चांगला वाजतो. सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरात जे कॉन्व्होल्यूशन रडत रडत सोडवलं, ते इथे कामाला येतं. पण गंमत बघा, तो रिस्पॉन्ससुद्धा कोणीतरी खऱ्या स्पीकरपुढे खरा माईक ठेवूनच घेतलेला असतो. माईक कुठे ठेवायचा हा निर्णय टळत नाही, फक्त तुमच्या वतीने दुसऱ्याने घेतलेला असतो.

शुअर एसएम ५७ हा साधा, दणकट माईक १९६५ पासून बाजारात आहे. तो स्पीकरच्या जाळीजवळ मधोमध धरा, आवाज तीक्ष्ण येतो. तिथून दोन-तीन सेंटिमीटर कडेला न्या, आवाज मऊ आणि जाड होतो. एवढा फरक इक्वलायझरच्या बटणांनी आणायला गेलात तर अर्धा तास जाईल. आणि गिटार डावी-उजवीकडे पसरवायची असेल तर तोच भाग दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर गिटार रुंद होत नाही, मधोमध फक्त मोठी होते. दोन वेळा वाजवताना हात जो किंचित चुकतो, तोच रुंदपणा असतो. कॉम्प्युटरला तो कॉपी करता येत नाही, कारण तो आपल्या हातातला आहे.

आता खोली. यंदा आम्ही नवं गाणं रविवारी दुपारी मेसच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं. चार माईक, तेही एका माजी विद्यार्थ्याकडून उसने आणलेले. मेसमध्ये टाळी वाजवली तर ती बराच वेळ रेंगाळते. उपाय म्हणून कोणीतरी अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला दिलाच. हा सल्ला भारतभर फिरतो, पण त्या पातळ पुठ्ठ्याने खालचे आणि मधले सूर फारसे शोषले जात नाहीत. जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. ती होस्टेलमध्ये खोलीगणिक पडलेली असते आणि तिच्यावर आपण लोळतो!

गाद्यांचा हा प्रयोग नवा नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक लेक्चर हॉल दुरुस्तीला आला. तिथे बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. हा बाबा रात्री मदतनीस घेऊन जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणायचा, मोजमाप घ्यायचा आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायचा. त्यातून आज पुस्तकात असलेलं सूत्र आलं : घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. आपल्या मेसचा हॉल १५ बाय १० बाय ४ मीटर धरला तर घनफळ ६०० घनमीटर. आत्ताचं शोषण ४० चौरस मीटर धरा, उत्तर येतं सुमारे २.४ सेकंद. गादीमागे एक चौरस मीटर शोषण धरून २० गाद्या उभ्या केल्या तर १.६ सेकंद. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. आम्ही तेच केलं. गाद्या गिटारच्या अँपभोवती आणि मागच्या भिंतीला लावल्या, ड्रमला मोकळा हॉल दिला, आणि चौघांनी एकत्र वाजवलं. आवाज एकमेकांच्या माईकमध्ये शिरला. शिरू दे! त्याच शिरण्यामुळे चार जण एका जागी बसलेत असं ऐकू येतं. एका टेकमध्ये शेवटी कुकरची शिट्टी आहे. ती आम्ही ठेवलीय.

मिक्सिंगला मग काम फार उरलं नाही. आधी ड्रमचे वरचे दोन माईक, मग किक, मग बेस, मग गिटार, शेवटी आवाज. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्‌झवर असते, तिच्याखाली जी काही घरघर असते ती कापून टाकली की बेस गिटारला जागा मिळते. रेकॉर्ड करताना पातळी लाल दिव्यापर्यंत नेण्याची गरज नाही. २४ बिटमध्ये इतकी जागा आहे की शेंडे उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवले तरी काही बिघडत नाही. आणि शेवटी सगळं दाबून चेपून मोठ्ठं करायचा मोह आवरा. मेटॅलिकाचाच २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका चेपला होता की तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात हे चाहत्यांनी शोधून काढलं, आणि हजारोंनी सह्या करून अल्बम पुन्हा मिक्स करा अशी मागणी केली. आता तर बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांचा आवाज सरासरीने एका पातळीवर आणतात. चेपून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं हळू केलं जातं आणि चेपलेलंच राहतं. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

“पण आजकाल सगळेच सॅम्पल वापरतात, हाच आजचा साउंड आहे,” असं माझा रूममेट म्हणतो. त्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. काही प्रकारच्या मेटलला तो घट्ट, यंत्रासारखा आवाजच शोभतो. इलेक्ट्रॉनिक संगीताची तर ती भाषाच आहे. प्रश्न निर्णय कोणाचा, हा आहे. शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी, २०२४ च्या मे महिन्यात गेला, आयुष्यभर याच एका गोष्टीवर अडून राहिला. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं नाही. ‘रेकॉर्ड केलं’ एवढंच श्रेय पुरे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत निर्वाणाचा ‘इन युटेरो’ त्याने साधारण दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला. ठरलेली फी घेतली आणि विक्रीवरची रॉयल्टी नाकारली. त्यातली काही गाणी पुढे स्कॉट लिटने पुन्हा मिक्स केली, हेही खरं. पण त्या अल्बममध्ये डेव्ह ग्रोलचे ड्रम ऐका. माणूस समोर बसून वाजवतोय हे सांगावं लागत नाही. गाणं बँडचं आहे आणि रेकॉर्ड करणारा त्यांचा पाहुणा आहे, ही अल्बिनीची भूमिका मला पटते.

तर मग जिमखान्यापुढे माझं म्हणणं असं. इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचंच असेल तर रात्रीच्या प्रॅक्टिससाठी जरूर घ्या. पण ड्रमसेट काढू नका. त्याला नवी हेड्स द्या. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर किटऐवजी चार साधे माईक, स्टँड आणि चार इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस घ्या. हे सामान बँडलाच नाही तर नाटकवाल्यांना, गायनवाल्यांना, गॅदरिंगला, सगळ्यांना उपयोगी पडेल. रेक्टर सरांना विनंती, की महिन्यातून एका रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तीन तास मेसचा हॉल द्यावा. त्रासही नाही, आणि संध्याकाळच्या चहाआधी गाद्या जागच्या जागी जातील. सेबाइन साहेबांइतका वक्तशीरपणा आम्हीही दाखवू. आणि आमच्या डिपार्टमेंटच्या सरांना एक सुचवणी : सेमिनार हॉल आणि मेस यांचा घुमण्याचा काळ मोजणं हा मिनी प्रोजेक्ट म्हणून काय वाईट आहे? त्याच त्या ‘ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट’मधून सुटका तरी होईल.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का, तर कॉलेजचा बँड चार वर्षं जगतो, फार तर. यंदा आमच्यातला एक एमएसला जाईल, एक हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसेल, एक पुन्हा गेट देईल. परत आम्ही एका खोलीत वाजवू याची खात्री नाही. उरेल ते रेकॉर्डिंग. दहा वर्षांनी ते लावल्यावर आम्हाला ‘परफेक्ट’ ड्रम ऐकायचे नाहीत, ते विकत मिळतात. आम्हाला आमचा ड्रमर ऐकायचाय, कोरसला थोडा पुढे धावणारा. मेसचा हॉल ऐकायचाय. जुना ड्रमसेट आमच्यानंतर येणाऱ्या पोरांनाही लागणार आहे, आणि त्यांनी अजून अॅडमिशनसुद्धा घेतलेली नाही, त्यामुळे मतदानाला ती येऊ शकत नाहीत. तुम्ही येऊ शकता. येताना एकदा म्युझिक रूममध्ये डोकावा, चावी घ्या, स्नेअरचे बोल्ट समोरासमोर आवळा आणि एक ठोका मारून बघा. मग हात वर करा.

— बी.ई. (ई अँड टीसी), मुलांचे वसतिगृह